स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे पैसे, बाग आणि कागदपत्रं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी राजापूर तालुक्यातली. तीस वर्षं बँकेत काउंटरच्या आत बसले आणि निवृत्तीनंतर सहा वर्षं माई आत्याला सांभाळलं. आत्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा झाली आणि माहेरी परत आली. मूलबाळ नाही. पेन्शन, थोड्या ठेवी आणि आजोबांकडून आलेल्या बागेतला हिस्सा, एवढा तिचा संसार. तिचं विसरणं वाढत गेलं तसं या सगळ्याचं काय करायचं, हे आम्हाला चुकतमाकत शिकावं लागलं. वाडीतली आणि मुंबईहून फोन करणारी माणसं आता मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत. तुमच्या घरची गुंतागुंत वकिलाला दाखवावीच लागेल, पण त्याच्यासमोर बसताना काय विचारायचं हे तरी ठाऊक असावं.

निदान नुकतंच झालंय. पैशाच्या बाबतीत पहिलं काम कोणतं?

आज त्यांना जेवढं समजतंय, तेवढ्यात कागद करून घेणं. बाकी सगळं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही.

गणपती होऊ देत, मग बघू. मे महिन्यात सगळे येतील तेव्हा बसू. असं म्हणण्यात आमचं दीड वर्ष गेलं. आत्याची हिशेबाची वही असायची, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं. एकदा मी ती वही सहज उघडली तर एकाच पानावर दुधाच्या रतीबाचे पैसे चार वेळा लिहिलेले. चारही वेळा रक्कम बरोबर, तारीख तीच. मी बँकेत काम केलेली बाई, मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. मी वही मिटून ठेवली.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा बी-१२, थायरॉइड आणि नैराश्य या तीन गोष्टी तपासल्यात का, हे जरूर विचारा. यामुळेही विसरणं वाढतं आणि उपचारांनी ते सुधारू शकतं. नसलेला स्मृतिभ्रंश कागदावर येऊ नये.

मग एका दिवशी शांतपणे त्यांच्याजवळ बसून यादी करा. बँका, पोस्ट, पतपेढी, विमा, लॉकर, सोसायटीचे शेअर्स, सातबाऱ्याचे गट नंबर, पीककर्ज, आणि गावात कुणाला हातउसने दिलेले पैसे. हे शेवटचं कुठल्याच कागदावर सापडत नाही, ते फक्त त्यांच्या डोक्यात असतं. म्हणून ते आधी विचारा.

निदान झालं म्हणजे त्यांची सही आता चालत नाही का?

तसं नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे, करार करताना माणसाला तो समजतोय का आणि आपल्या हिताचा विचार करून निर्णय घेता येतोय का, हे पाहायचं. एरवी भान नसलेला माणूस भानावर असताना करार करू शकतो, असं ते कलम स्पष्ट म्हणतं. म्हणजे प्रश्न आजाराच्या नावाचा नाही, त्या दिवशीच्या, त्या वेळच्या समजुतीचा आहे.

आत्या सकाळी नऊ ते अकरा खूप बरी असायची. दिवेलागणीला ती शाळेत जायला निघायची. तेव्हा महत्त्वाचं काम सकाळी. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या. त्यात नुसतं 'प्रकृती ठीक' नको. कागदात काय लिहिलं आहे हे त्यांना समजलं, त्यांनी ते आपल्या शब्दांत सांगितलं, असं तारीख-वेळेसह असलं पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ मिळाले तर उत्तम. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते.

चालवत नसेल तर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात. नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे, त्यासाठी कारण देऊन अर्ज करावा लागतो. शरीर थकलेलं असणं आणि समज गेलेली असणं यात निबंधकही फरक करतात, आणि तो करायलाच हवा.

कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) केलंय. आता काळजी नाही ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि उत्तर ऐकून लोकांचे चेहरे उतरतात. ज्याच्यासाठी आपण मुखत्यारपत्र करतो, नेमकं तेच घडलं की ते संपतं.

करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की मुखत्यारी देणारा माणूस वारला किंवा त्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्यारी संपुष्टात येते. नोंदणी केलेली असो, नोटरी केलेली असो, कागदात 'माझं भान गेल्यावरही चालेल' असं लिहिलेलं असो. इंग्लंडमध्ये भान गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र असतं, त्यामुळे परदेशातले भाचे-पुतणे फोनवर 'एवढं सोपं तर आहे' म्हणतात. आपल्याकडे तसा कायदा नाही.

आत्याचं मुखत्यारपत्र माझ्या धाकट्या भावाच्या नावे होतं. ते घेऊन तो ठेव मोडायला एका बँकेत गेला. अधिकाऱ्याने कागद वाचला आणि विचारलं, "बाई कशा आहेत?" भाऊ सरळ माणूस. म्हणाला, "आता मला ओळखत नाही ती." अधिकाऱ्याने फाईल मिटून त्याच्या हातात दिली. भाऊ घरी येऊन चिडला, "खोटं बोललो असतो तर काम झालं असतं." काम झालं असतं हे खरं. पण तो अधिकारी बरोबर होता. त्याच्या खुर्चीत मी असते तर मीही तेच केलं असतं.

मग मुखत्यारपत्र करूच नये का? करावं. मधली दोन-चार वर्षं, समज आहे पण बँकेपर्यंत चालवत नाही अशा काळात, त्याचा मोठा आधार असतो. फक्त ते कामापुरतं करा, 'सर्व अधिकार' असं मोघम लिहू नका. जमीन विकण्याचा अधिकार त्यात घालायचा असेल तर दहा वेळा विचार करा. आणि समज गेली हे दिसल्यावर ते वापरणं थांबवा. पुढे कुणी हरकत घेतली तर त्या तारखेनंतरच्या प्रत्येक सहीचा जाब मुखत्याराला द्यावा लागतो.

संयुक्त खातं करावं का?

करावं, आणि लवकर. दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो, अशा सूचनेचं खातं असलं तर दोघांपैकी एकाच्या सहीने व्यवहार चालतो. दोघांच्या सह्या लागतील असं खातं मात्र एकाची समज गेली की अडकतं. मुदत ठेवींवरही ही सूचना तपासा. ठेव मुदतीआधी मोडायची तर बऱ्याच ठिकाणी सगळ्या ठेवीदारांच्या सह्या मागतात, म्हणून त्याची संमती ठेव करतानाच लिहून द्या. लॉकरलाही दुसरं नाव लावून घ्या.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. खात्यात नाव लागलं म्हणून पैसा तुमचा होत नाही, तो ज्याने साठवला त्याचाच. आणि एक खातेदार भानावर नाही हे बँकेला रीतसर कळलं तर बँक खात्यातले व्यवहार थांबवू शकते. सगळी मोठी रक्कम एकाच संयुक्त खात्यावर अवलंबून ठेवू नका.

नॉमिनी मीच आहे. मग आता पैसे काढता येतील?

नाही. नॉमिनीचं काम खातेदार गेल्यानंतर सुरू होतं. तेव्हाही तो पैसे स्वीकारून वारसांपर्यंत पोचवणारा असतो, मालक नसतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, त्यामुळे भावंडांत रुसवे असतील तर सगळ्यांची नावं घाला. एवढंच याचं.

सही जुळत नाही म्हणून बँक पैसे देत नाही. अंगठा चालेल?

हात थरथरतो, अर्धांगवायू झालाय, पण काय चाललंय ते समजतंय, अशा खातेदारासाठी सोय आहे. बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर हाताचा किंवा पायाचा अंगठा घेता येतो, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेतच हे आहे. सत्तर वर्षांवरील आणि आजारी खातेदारांना घरपोच बँकसेवा द्यावी असंही रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सांगितलं आहे. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, तोंडी विचारलं तर 'माणूस नाही' असं उत्तर मिळतं.

पण ज्याला समजतच नाही, त्याचा अंगठा धरून शाईत बुडवणं ही सोय नव्हे. मी काउंटरच्या आत असताना एक सून सासऱ्यांना रिक्षातून घेऊन आली होती. ते माझ्याकडे बघून गोड हसले आणि अंगठा पुढे केला. "आजोबा, किती पैसे काढायचेत?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "शेरभर." त्या दिवशी मी पैसे दिले नाहीत. सुनेला खरंच औषधासाठी हवे होते, हे मला नंतर कळलं. तिचा चेहरा अजून आठवतो. पुढची उत्तरं मी तिच्यासारख्यांसाठी लिहिते आहे.

एटीएम कार्ड आणि पिन माझ्याकडे आहे. त्यावर चालवलं तर काय बिघडलं?

कोकणातली निम्मी घरं असंच चालवतात असं मला वाटतं, आणि बहुतेकांच्या मनात काही वाईट नसतं. पेन्शन येते, मुलगा काढतो, किराणा-औषधं आणतो. बिघडत काही नाही तोवर कुणी विचारत नाही. पण पिन माहीत असणं म्हणजे अधिकार असणं नव्हे. कार्डाची मुदत संपली, मोबाईल नंबर बदलला किंवा एखादी मोठी ठेव मोडायची वेळ आली की वाट बंद. शिवाय दुसऱ्या भावंडाने तक्रार केली तर तुमच्या हातात दाखवायला एकही कागद नसतो.

सध्या हाच एक मार्ग असेल तर निदान हिशेब लिहा आणि रोख कमीत कमी काढा. वीजबिल, घरपट्टी, औषधांचं बिल थेट त्यांच्या खात्यातून जाऊ द्या, म्हणजे पासबुकच तुमचा साक्षीदार होईल.

पेन्शन आणि हयातीचा दाखला?

दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, करता येतो. आत्याला 'डोळे मिचकाव' म्हटलं की ती डोळे घट्ट मिटून बसायची. तिसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्यासमोर बसून डोळे मिचकावले, मग तिने माझी नक्कल केली आणि दाखला झाला. नाहीच जमलं तर बँकेला किंवा कोषागाराला घरभेटीसाठी लिहा. दाखला राहिला तर पेन्शन थांबते, बुडत नाही. नंतर दिला की थकबाकीसह मिळते.

बाग आणि जमीन. सही कोण करणार?

इथे जरा थांबून लिहिते, कारण आपल्याकडे पैसा बँकेत कमी आणि जमिनीत जास्त.

आधी आंब्याचं. आत्याच्या हिश्शाला बेचाळीस कलमं. दरवर्षी बाग ठेक्याने द्यायची, मोहर धरला की विसार, बाकी पैसे हंगाम संपल्यावर. त्या वर्षी ठेकेदार विसार घेऊन आला तेव्हा घरी ती एकटी होती. त्याने पैसे तिच्या हातात दिले. आम्ही विचारलं तर ती म्हणाली, "कोणी आलंच नाही." ठेकेदार देवाची शपथ घेऊन सांगत होता की दिले. आम्ही त्याला बोल बोल बोललो. जूनमध्ये पावसाच्या आधी तांदळाची कणगी रिकामी केली तेव्हा तळाशी शाळेच्या जुन्या हजेरीपत्रकाच्या पानात गुंडाळलेले पैसे निघाले. भाऊ त्याच्या घरी जाऊन माफी मागून आला. त्यानंतर आमच्याकडे एकच नियम: ठेक्याचा पैसा रोख घ्यायचा नाही, खात्यात भरायचा.

ठेक्याचा करारही लेखी करा, आणि त्यावर ज्यांना समजतंय अशा सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्या. समज गेलेल्याचा हिस्सा सामाईक असेल तर त्याच्या वाट्याचे पैसे वेगळे काढून त्याच्याच खात्यात जमा करा. महामार्ग रुंदीकरणात जमीन गेलेल्यांच्या मोबदल्याचंही तेच. ती रक्कम त्यांच्या नावावरच राहिली पाहिजे.

आता विक्री. समज नसताना केलेलं खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र कायद्याने टिकत नाही. तरीही सह्या घेतल्या जातात. गावात एकटी म्हातारी, मुलं मुंबईला, सातबाऱ्यावर नाव, आणि दलालाच्या गाडीत बसून 'जरा तालुक्याला जाऊन येऊ' म्हणून नेलेली. नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. पण निस्तरायला वर्षं जातात, म्हणून आधीच डोळा ठेवा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा अधूनमधून काढून पाहा. 'आपली चावडी' या सरकारी पानावर गावात चालू असलेल्या फेरफारांच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलांच्या, नोटिसा दिसतात. फेरफार प्रमाणित होण्याआधी हरकतीला पंधरा दिवस असतात. तेवढ्यात तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा आणि पोच घ्या.

वेळ निघून गेली. त्यांना आता काहीच समजत नाही. कुठे जायचं?

उच्च न्यायालयात. हे ऐकून लोक घाबरतात, पण वाट आहे ती हीच.

पूर्वी १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकायचं. तो कायदा गेला. त्याच्या जागी आलेला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचारांबद्दल बोलतो. त्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण तो फक्त उपचारांच्या निर्णयांसाठी. पैशाअडक्याबद्दल हा कायदा काहीच सांगत नाही. १८९० चा पालकत्वाचा कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यात स्थानिक समिती पालक नेमते, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकाची तरतूद आहे. ती तुमच्या प्रकरणात लागू करता येईल का, हे वकिलाला आवर्जून विचारा.

मधली ही पोकळी उच्च न्यायालयं राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालच्या आपल्या अधिकाराने भरून काढतात. मुंबई उच्च न्यायालयाने कोमात गेलेल्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींसाठी घरच्या माणसाला पालक नेमलेलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी अशा नेमणुकीची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, वकील त्यांचाही दाखला देतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांसाठी एक गोष्ट सोपी झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ (सर्किट बेंच) बसतं आणि आपले दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. रायगड, ठाणे, पालघरवाल्यांना मुंबईच.

अर्जासोबत काय लागतं? आजाराचे कागद सुरुवातीपासूनचे. वंशावळ. जवळच्या सर्व नातेवाइकांची संमतीची प्रतिज्ञापत्रं. मालमत्तेची आणि देण्याची पूर्ण यादी. महिन्याचा खरा खर्च. न्यायालय रुग्णाची तपासणी सरकारी डॉक्टरांकडून करून घेऊ शकतं. आदेशात कोणती खाती चालवायची, काय करता येणार नाही, हिशेब केव्हा द्यायचा हे लिहिलेलं असतं. स्थावर मालमत्ता विकायला बहुधा वेगळी परवानगी घ्यावी लागते. म्हणून अर्ज मोघम नको. 'अमुक बँकेतली अमुक ठेव, औषधांसाठी' असं नेमकं मागा, बँकेलाही तो आदेश वाचणं सोपं जातं.

आमच्यात उशीर झाला तो प्रतिज्ञापत्रांमुळे. एक चुलतभाऊ दुबईला, एक मालाडला आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. ही सह्यांची जुळवाजुळव आधी सुरू करा. आणि तहसीलला कुणी 'स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून देतो, सगळीकडे चालेल' म्हणालं तर पैसे देऊ नका. आपणच आपल्याला पालक म्हणून घोषित केल्याने पालक होता येत नाही.

वकिलाचा खर्च झेपणारा नाही.

विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं. फोन १५१००. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

मृत्युपत्र अजून करता येईल का?

समजत असेल तर करता येईल. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे, मृत्युपत्र करताना माणूस भानावर असला पाहिजे. आपली मालमत्ता काय, आपली माणसं कोण, कुणाला काय देतोय, हे त्याला कळलं पाहिजे. दोन साक्षीदार लागतात, त्यात ज्याला काही मिळणार आहे तो नसलेला बरा. मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण निदान झालेल्या माणसाच्या बाबतीत मी ती करायलाच सांगेन, डॉक्टरांच्या त्याच दिवशीच्या प्रमाणपत्रासह.

मूल नसलेल्या विधवा आत्या, मावश्या, काकवा ज्यांच्या घरी आहेत त्यांनी हे नीट वाचा. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या कलम १५ प्रमाणे, मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिने स्वतः कमावलेलं नवऱ्याच्या वारसांकडे जातं. आईवडिलांकडून वारशाने आलेलं मात्र वडिलांच्या वारसांकडे परत येतं. म्हणजे आत्याची बाग माहेरी आली असती, आणि तिने आयुष्यभर शिकवून जमवलेल्या ठेवी अशा घरी गेल्या असत्या, जिथे तिला पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही. हे तिला सांगितलं तेव्हा ती पूर्ण भानावर होती. म्हणाली, "कागद आण." ठेवींतला काही भाग तिने आपल्या शाळेला लिहिला. आमच्याकडून वेळेत झालेला तेवढा एकच कागद.

अधिकार मिळाला. आता कशावर खर्च करता येतो?

त्यांच्यावर. त्यांचं खाणं, औषधं, डायपर, दिवसरात्रीच्या बाईचा पगार, घराची डागडुजी, बागेची फवारणी, कर. तुम्ही त्यांच्यासाठी केलेला प्रवासखर्च पावतीसह घेता येईल. स्वतःला मेहनताना मात्र न्यायालयाने लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. त्यांच्या पैशातून कुणालाही उसने नाहीत, भाच्याच्या लग्नालाही नाहीत.

त्यांचा आणि तुमचा पैसा एका खात्यात मिसळू देऊ नका. दर महिन्याला पासबुकाचं पान आणि पावत्यांचा फोटो सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात टाका. मी पाच तारखेला टाकायचे. सुरुवातीला कुणी बघायचं नाही. एकदा मालाडच्या भावाने 'आत्याचे पैसे जातात कुठे' असं गावकीत विचारलं, तेव्हा त्याला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं की दर महिन्याला तुझ्या फोनवर येतं, उघडून बघ.

एक प्रश्न मला कुठल्या कायद्यात सापडला नाही. शिमग्याला पालखी दारात आली की आत्या दरवर्षी ओटी भरायची आणि एकशे एक रुपये ठेवायची. आजारपणातही ते चालू ठेवावं का? मी ठेवलं, आणि वहीत लिहिलं. ती भानावर असती तर तिने काय केलं असतं, हे आम्हाला ठाऊक होतं. मोठी देणगी मात्र मी तिच्या पैशातून दिली नसती.

समज नसताना कुणी आधीच लिहून घेतलंय.

दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करून मागता येतो. अशा व्यक्तीच्या वतीने जवळचा माणूस वादमित्र म्हणून दावा लावू शकतो. 'मी सांभाळीन' या अटीवर घर किंवा जमीन लिहून घेतली आणि मग सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. देखभालीची अट दस्तातच लिहिलेली असली तर काम सोपं होतं. ज्येष्ठांसाठी मदतीचा फोन १४५६७. जुन्या आजारपणाचे केसपेपर टाकून देऊ नका, दस्ताच्या तारखेला समज नव्हती हे त्यावरूनच दाखवता येतं.

मोबाईलवरून फसवणूक होईल अशी भीती वाटते.

खात्यातली बहुतेक रक्कम यूपीआय नसलेल्या खात्यात हलवा, एटीएमची रोजची मर्यादा कमी करून घ्या, बँकेचे संदेश तुमच्याही फोनवर येतील अशी सोय करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

करात काही सवलत?

जुन्या करपद्धतीत राहिलात तर स्मृतिभ्रंशाच्या उपचारांवरच्या खर्चाची वजावट मिळते, ज्येष्ठ नागरिकांसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. आजारामुळे आलेलं अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक असल्याचं तज्ज्ञ डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं.

सगळं आम्हीच करतो, पण त्या सारखं 'माझे पैसे कुठे' म्हणून विचारतात. काय सांगू?

पासबुक दाखवा. दहा वेळा विचारलं तर दहा वेळा. पैसे त्यांचे आहेत, विचारण्याचा हक्क त्यांचा आहे.

आत्याच्या काळ्या बटव्यात आम्ही दहा-दहाच्या वीस नोटा ठेवायचो. दुपारी ओटीवर बसून ती त्या मोजायची आणि दारात आलेल्या भाजीवालीला, पोस्टमनला, कधी मलाच 'घे गो, भाड्याला होतील' म्हणून द्यायची. गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ते संध्याकाळी आणून द्यायचे. ती झोपली की मी नोटा मोजून परत बटव्यात घालायचे. कमी भरल्या तर उशीच्या अभ्र्यात, पोथीत आणि तांदळाच्या डब्यात बघायचं.